जुन्या जपानी भयचित्रकथा इंग्रजीत पोचल्या. मराठीत थेट का येऊ नयेत?

जुनीपाने (धागाकर्ती)

मंडळी,

गेल्या पावसाळ्यापासून रात्रीची आवराआवर झाली की मी एक काम घेऊन बसते. जपानी चित्रकथाकार काझुओ उमेझु यांची १९६५ सालची एक भयचित्रकथा जपानीतून थेट मराठीत आणते आहे. छापण्यासाठी नाही, हक्क माझ्याकडे नाहीत. घरच्या घरी, भाचीला वाचायला. पण काम करताना इतके प्रश्न पडले की इथे मांडावेसे वाटले. इथे चित्रकथा वाचून मोठे झालेले बरेच जण आहेत.

मी पुण्यात जपानी शिकले. पोटापाण्यासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. कामानिमित्त टोकियोला जाणं झालं तेव्हा जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत आणि नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलात मोकळा वेळ काढला. तिथे एका कपाटात पिवळ्या पडलेल्या भयकथांची रांगच्या रांग होती. त्यातल्या कित्येक प्रतींवर वाचनालयांचे शिक्के होते. युद्धानंतरच्या जपानात 'काशिहोन्या' म्हणजे पुस्तकं भाड्याने देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. विकत घ्यायला पैसे नसलेली मुलं आणि कारखान्यात राबणारी तरुण पोरं तिथून पुस्तकं न्यायची. चित्रकथाकार मिझुकी शिगेरू याच दुकानांसाठी वर्षानुवर्षं चित्रकथा काढत राहिले, उमेझुंचीही सुरुवात तिथलीच. महिन्याची वर्गणी भरून वाचनालयातून गोष्टीची पुस्तकं आणणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावायला नको.

तर मी घेतलेली गोष्ट. एका मुलीची आई इस्पितळात आहे. त्याच इस्पितळात एक बाई कोंडून ठेवलेली आहे, चेहरा हुबेहूब आईचा, आणि ती सापीण आहे. ती आईच्या जागी घरी येते. बाबांना काही कळत नाही, मुलीला कळतं. गोष्टीचं नाव 'ममा गा कोवाइ', म्हणजे 'आईची भीती वाटते'. ती मुलींच्या 'शोजो फ्रेंड' साप्ताहिकात आली होती. त्या काळी अशा अंकांत आई-मुलीच्या ताटातुटीच्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टींची चलती होती. उमेझुंनी त्या आईलाच भीतीचं घर केलं. ज्या कुशीत शिरायचं तीच थंड आणि खवल्यांची निघाली तर, एवढी एकच कल्पना, आणि ती साठ वर्षांनीही जुनी झालेली नाही.

इंग्रजीत ही गोष्ट 'रेप्टिलिया' नावाच्या पुस्तकात २००७ मध्ये आली. मी आधी तेच वाचलं होतं आणि आवडलंही होतं. मूळ हातात आलं तेव्हा कळलं की इंग्रजीत काय पोचलेलं नाही: आवाज. जपानीत असे शब्द नुसत्या आवाजांसाठीच नाहीत, तर स्पर्शासाठी आहेत, नजरेसाठी आहेत, मनात होणाऱ्या हालचालीसाठीही आहेत. ते चित्रातच हाताने काढलेले असतात. 'डोकिन्' म्हणजे काळजात जे होतं ते. इंग्रजी अनुवादक तिथे 'थम्प' लिहितो आणि छातीवर कोणी बुक्की मारल्यासारखं वाटतं. मराठीत मला एक क्षणही विचार करावा लागला नाही: धस्स. 'नुरुनुरु' म्हणजे बुळबुळ. 'हिसोहिसो' म्हणजे कुजबुज. 'बोताबोता' म्हणजे टपटप. चित्रातल्या जागेत शब्द अलगद जाऊन बसतात. इंग्रजीवरून मराठी करायला घेतलं असतं तर 'थम्प'चा 'धप्प' झाला असता.

फक्त एका ठिकाणी सहा आठवडे अडकले आहे. रिकामा व्हरांडा, कोणी नाही, आणि चित्रावर आडवं मोठ्या अक्षरांत 'शीऽऽन'. जपानीत हा शांततेचा आवाज आहे. काहीही ऐकू येत नाही याचा आवाज. इंग्रजीवाले कुठे 'सायलेन्स' लिहितात, कुठे जपानी अक्षरं तशीच ठेवून कोपऱ्यात टीप देतात. मराठीत काय लिहू?

---

माडाखाली

ताई, फार दिवसांनी असा धागा आला. 'शीऽऽन'चं नंतर बोलू, आधी नावांचं.

तुम्ही मिझुकींचं नाव काढलंत म्हणून. हा माणूस न्यू ब्रिटन बेटावर राबौलच्या आघाडीवर होता, हवाई हल्ल्यात डावा हात गमावून घरी आला आणि उरलेल्या एका हाताने आयुष्यभर भुतं काढत राहिला. लहानपणी साकाइमिनातो गावात एक म्हातारी त्यांना भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. तिच्यावरचं त्यांचं 'नोन्नोन्बा' फ्रेंचमध्ये गेलं आणि २००७ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला. ते वाचताना मला माझी आजी दिसत राहिली. आमच्याकडे तिन्हीसांजेला विहिरीकडे जायचं नाही, कारण तिथे कोण असतं ते तिला नावानिशी ठाऊक होतं.

मिझुकींची 'कितारो' मालिका इंग्रजीत आणताना झॅक डेविसन यांनी योकाईंची, म्हणजे जपानी भुताखेतांची, नावं जपानीच ठेवली. मला हे शंभर टक्के पटतं. कोकणातल्या गोष्टीतला देवचार आणि घाटावरचा मुंजा दोघांनाही इंग्रजीत 'घोस्ट' म्हटलं की दोघेही मेले. मुंजा भूत कशामुळे होतो? मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला, म्हणून तो पिंपळावर अडकला. ती अर्धवट राहिलेली वाट म्हणजेच मुंजा. नाव बदललं की कारण गेलं, आणि कारण गेलं की भीती कसली राहते?

---

सरळसोट

धागा वाचनीय आहे, पण मूळ भूमिका पटली नाही.

भीती ओळखीच्या गोष्टींची वाटते. शब्दागणिक टीप वाचून कोणी घाबरत नाही. इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून काय केलं ते आठवा. फँटमचा सरळ 'वेताळ' केला, 'बंगाला' देशाचं 'डेंकाली' केलं, आणि आपण पोरांनी तो कवटीच्या गुहेतला माणूस आपलाच मानला. त्या वेळी कोणी म्हणालं नाही की वेताळ हा तर भुतांचा राजा, त्याला मुखवट्याचा माणूस कसा केला. मग जपानी सापीण मराठीत आणताना तिला नागीण करा, आईला नऊवारी नका नेसवू पण नावं तरी आपली द्या. वाचणारं पोर दहा वर्षांचं आहे ना?

---

जुनीपाने

@सरळसोट, तुमचा मुद्दा मी बरेच दिवस स्वतःशीच भांडून पाहिला आहे, म्हणून सविस्तर.

वेताळ साहसकथा होती. तिथे नाव बदललं तरी घोडा, कुत्रा, कवटीची अंगठी जागच्या जागी होती. भयकथेत नावाला गोष्टीचं सगळं वजन असतं. 'नागीण' म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येतं? सिनेमातली इच्छाधारी नागीण, बीन, सूड, आणि दुसऱ्या बाजूला नागपंचमीची पूजा. उमेझुंच्या बाईत यातलं काही नाही. ती कोणाचा सूड घेत नाही, नाचत नाही. तिला बेडूक खावासा वाटतो आणि ती तो लपून खाते. जपानमध्येही साप पूज्य आहे, बेनझाइतेन देवीचा पांढरा साप शुभ मानतात, म्हणून तर ही बाई जास्त हादरवते. मी 'सापीण' ठेवलंय. शब्द जरा ओबडधोबड आहे, पण त्यावर कोणाची गाणी चिकटलेली नाहीत.

मुलीचं नावही युमिकोच आहे. भाचीने पहिल्या पानावर विचारलं, ही कुठली? जपानची, म्हटलं. पुढे तिने काही विचारलं नाही. मुलांना परकी नावं अडत नाहीत, आपणच घाबरतो.

@माडाखाली, मुंजावरून आठवलं. जपानीत 'उबुमे' आहे, बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत. वाटसरूला थांबवून म्हणते, जरा बाळ धरा. धरलं की बाळ जड होत जातं. आपल्याकडे अळवंतीणही बाळंतपणातच गेलेली. मला क्षणभर मोह झाला होता की दुसऱ्या एका गोष्टीत उबुमेची अळवंतीण करावी. पण अळवंतीण कोणाच्या हातात बाळ देत नाही. दुःख एकच, मागणं निराळं. म्हणून उबुमेच राहिली.

---

वऱ्हाडी पान

नाव ठेवा, जपानीच ठेवा. आमच्या आजीच्या गोष्टीतली भुतं पण आम्हाले कोणी समजावून सांगितली नव्हती, गोष्ट ऐकता ऐकताच समजली. +१.

---

रेघोट्या

मी अक्षरांचं काम करतो, पुस्तकांची मुखपृष्ठं आणि मांडणी. माझ्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण असल्या चर्चेत अक्षरांकडे कोणी पाहत नाही.

पहिली: फुगे. जपानी मजकूर वरून खाली जातो, म्हणून संवादाचे फुगे उभे आणि अरुंद असतात. इंग्रजीवाले शब्द मधोमध तोडून, जोडरेघ देऊन वेळ मारून नेतात. देवनागरीत ते जमत नाही. 'घाबरल्यासारखी' हा एक शब्द त्या फुग्यात मावतच नाही, आणि तोडला तर शिरोरेषा तुटून वाक्य लंगडतं. तेव्हा भाषांतरालाच लहान शब्दांकडे जावं लागेल. 'ती घाबरली होती' ऐवजी 'ती भ्याली'. मला वाटतं याने मराठी सुधारेलच. जुन्या बायकांच्या बोलण्यात असे आखूड, टोकदार शब्द भरपूर आहेत.

दुसरी गोष्ट आनंदाची. आपल्याकडे शिरोरेषा आहे. जपानी चित्रकार भयाचे आवाज काढताना अक्षराची टोकं वितळवतात, थरथरवतात. देवनागरीत तर अक्षरं आधीच एका रेघेला लटकलेली आहेत! त्या रेघेवरून ओघळू द्या, रेघ मध्येच फाटू द्या, एखादी वेलांटी लांबवत पुढच्या चित्रात शिरू द्या. रोमन अक्षरांना हे करायला टांगायची दोरीच नाही.

पानं मूळ दिशेनेच ठेवलीत ना, उजवीकडून डावीकडे?

---

जुनीपाने

हो, उजवीकडूनच. आणि फुग्यांचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. आजच बदलून 'भ्याली' करते.

दिशेबद्दल थोडं लिहिते, कारण हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या काळात परदेशी वाचकांच्या सोयीसाठी जपानी पानं आरशात धरल्यासारखी उलटी करून छापत. २००० नंतर ती पद्धत मागे पडत गेली. साहसकथेत उलटं पान एक वेळ चालेल, माणसं डावखुरी होतील इतकंच. पण भयकथेत किमोनो आहे. जिवंत माणूस किमोनो नेसताना डावी बाजू उजव्या बाजूवर घेतो. उजवी डावीवर घेतात ती फक्त प्रेताला नेसवताना. पान उलटं केलंत की गोष्टीतली आई, शेजारीण, दुकानदार, सगळी जिवंत माणसं प्रेताचा पोशाख घालून वावरायला लागतात. आणि भूत तेवढं जिवंताच्या वेषात येतं! जपानी वाचकाला एका नजरेत कळणारी खूण बरोबर उलटी होते, आणि परदेशी वाचकाला पत्ताही लागत नाही. मिझुकींनी स्वतःच्या युद्धाच्या आठवणी काढल्या आहेत. ती पानं उलटी छापली तर त्यांचा डावा हात शाबूत राहील आणि उजवा तुटेल. ज्या उजव्या हाताने त्यांनी हे सगळं काढलं तोच.

शिवाय पान उलटण्याचा क्षण. उमेझु भीती पायरीपायरीने आणतात. दाराची फट, मग तीच फट जरा मोठी, मग बोटं. डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात मुलीचे डोळे विस्फारतात आणि तिने काय पाहिलं ते पान उलटल्याशिवाय दिसत नाही. मोबाइलवर एकेक चित्र सरकवत वाचणाऱ्याला हा दचका कधीच मिळत नाही. म्हणून भाचीसाठी मी कागदावर छापून, शिवून वही केली आहे.

---

क्लाइडकाठी

मी ग्लासगोत राहते. इथली एक गोष्ट या धाग्यात हवीच.

सप्टेंबर १९५४ मध्ये इथल्या गॉर्बल्स भागातली शेकडो लहान मुलं संध्याकाळी दफनभूमीत घुसली. कोणाच्या हातात काठ्या, कोणाच्या हातात सुऱ्या. लोखंडी दातांचा पिशाच्च दोन मुलांना खाऊन गेलाय, त्याला शोधायचं, असं सगळ्यांच्या तोंडी होतं. पोलिस आले, पाऊस आला, मुलं पांगली, दुसऱ्या संध्याकाळी परत जमली. कोणतंही मूल हरवलेलं नव्हतं. खापर फुटलं ते अमेरिकेतून आलेल्या भयचित्रकथांवर. त्याच वर्षी अमेरिकेत सिनेटच्या समितीपुढे भयचित्रकथांचे प्रकाशक विल्यम गेन्स यांची उलटतपासणी झाली होती, आणि १९५५ मध्ये ब्रिटनने लहान मुलांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध कायदाच केला. लोखंडी दातांचा तो पिशाच्च कुठल्या अंकात होता ते मात्र कोणालाच दाखवता आलं नाही. लोखंडी दातांचा राक्षस बायबलात आहे, आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या कवितेत लोखंडी दातांची बाईही.

हे सांगण्याचं कारण: भयकथा परदेशातून आली की मोठ्या माणसांना तिची दुप्पट भीती वाटते. तुम्ही भाचीला देताय म्हणून तुम्हालाही कोणी तरी बोलेल. बोलू द्या.

---

गोधडी

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि रात्री दिवा लावून झोपतो. मी त्याला हे देणार नाही. वाईट म्हणून नाही, हे वाचायची त्याची वेळ अजून आली नाही म्हणून. पण मला स्वतःला वाचायचं आहे. आईच घाबरवणारी निघते ही कल्पना वाचून मी मघापासून विचार करते आहे की ताप आलेला असताना मी त्याच्यावर ओरडले होते तेव्हा त्याला मी कशी दिसले असेन.

---

दूरदेशी

गोधडी, तुमचा प्रतिसाद वाचून उमेझुंची 'भरकटलेली शाळा' आठवली (नाव मी मराठीत केलंय, मूळ 'ह्योर्यू क्योशित्सु', १९७२ ते ७४). सकाळी मुलगा आईशी कडाक्याचं भांडतो, परत येणारच नाही म्हणून निघतो, आणि ८६२ जणांसकट अख्खी शाळा नाहीशी होते. ती जाऊन पडते उजाड झालेल्या भविष्यकाळात. इकडे आई काळापलीकडून त्याला मदत करायची धडपड करत राहते. सापिणीच्या गोष्टीत ज्या हाताने आईला भयंकर केलं त्याच हाताने ही आईही काढली आहे.

मी फ्रान्समध्ये असतो, म्हणून इथलं सांगतो. भाषांतराने काय घडू शकतं याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही. उमेझुंनी १९९५ नंतर चित्रकथा काढणं थांबवलं होतं, हात दुखावला होता. इथे प्वातिए शहरातलं 'ल लेझार न्वार' हे छोटं प्रकाशन त्यांची ऐंशीच्या दशकातली 'मी शिंगो' फ्रेंचमध्ये आणत होतं. त्या अनुवादाला २०१८ मध्ये आंगुलेममध्ये जुन्या मौल्यवान कृतींसाठी असलेला पुरस्कार मिळाला. परक्या भाषेतली ही दाद म्हाताऱ्या चित्रकाराच्या जिव्हारी लागली, चांगल्या अर्थाने. त्यांनी पुन्हा कुंचला हातात घेतला आणि २०२२ च्या जानेवारीत टोकियोत १०१ नवी चित्रं मांडली, 'शिंगो'च्याच पुढची. पंचाऐंशीव्या वर्षी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. मधली सत्तावीस वर्षं रिकामी, आणि ती भरून निघाली परदेशातल्या एका भाषांतरामुळे.

---

माडाखाली

हे माहीत नव्हतं. वाचून घसा दाटला.

ताई, 'स्मज' नावाची इंग्रजी मालिका पाहिलीत का? रायन होल्मबर्ग जुन्या, पार विसरलेल्या भयकथा निवडतात आणि स्वतः अनुवाद करतात. शिराकावा मारिनांची १९७६ सालची, उडत्या तबकडीतून आलेल्या अळंब्यांची गोष्ट त्यात आली. कावाशिमा नोरिकाझुंचं १९८६ चं पुस्तकही. सोबत मोठे लेख असतात, लेखक कोण, पुस्तक कुठल्या परिस्थितीत निघालं हे सांगणारे. टिपा चित्रावर नाहीत, सगळं शेवटी. सरळसोट यांच्या शंकेला हे उत्तर होऊ शकतं.

---

सरळसोट

टिपा शेवटी असतील तर माझी हरकत निम्मी मिटली. किमोनोचं वाचल्यावर उरलेलीही बरीचशी. पण आवाज मराठीच हवेत, यावर मी ठाम आहे. आणि त्यावर आपण सगळे एकाच बाजूला आहोत असं दिसतंय.

'शीऽऽन'साठी माझ्याकडून 'सामसूम'.

---

वऱ्हाडी पान

'किर्र'?

---

रेघोट्या

'किर्र' म्हणजे रातकिडे, म्हणजे आवाज आलाच. 'सामसूम' माणसं नसल्याचं सांगते, कान बंद झाल्याचं नाही. 'शुकशुकाट' रस्त्याचा असतो, घरातल्या व्हरांड्याचा नाही. 'चिडीचूप' वर्गातल्या पोरांचं. मला ताणता येईल असा शब्द हवा, चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

---

गोधडी

सुन्न?

---

जुनीपाने

गोधडी, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि झोपायच्या आधी ते पान परत काढलं. 'सुऽऽऽन्न'. 'शीऽऽन'सारखाच आधी घासणारा व्यंजनाचा आवाज, मग लांबवायला स्वर, आणि शेवटी नाकात जाऊन बंद होणारा न. शांतताही आहे आणि माणूस बधिर होतो तेही आहे. रेघोट्यांनी सांगितलं तशी शिरोरेषा व्हरांड्याच्या कडेने शेवटच्या दारापर्यंत ओढली आणि 'न्न' दाराच्या फटीत अर्धा आत ठेवला.

आज दुपारी भाचीने ते पान मोठ्याने वाचलं. 'सुऽऽऽन्न' म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली गेला. मग तिने वही मांडीवर उपडी ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत विचारलं, "मावशी, आई आत्ता आतच आहे ना?"